दोन डिस्कच्या मधला माणूस

दरवर्षी नवा आकडा लावून येणाऱ्या वस्तूंबद्दल मला पहिल्यापासून संशय आहे. (दिवाळी अंक सोडून. त्यांना सगळं माफ.) आणि आमच्या धंद्यात राहिलं की हा संशय पक्का होत जातो. मी ज्या प्रॉडक्टवर काम करतो त्याचंही दर एप्रिलला नवं व्हर्जन निघतं. मार्केटिंगवाले म्हणतात, "संपूर्ण नवा अनुभव". आत काय झालंय ते आम्हाला ठाऊक असतं. दोन बटणं डावीकडून उजवीकडे गेली, निळा स्क्रीन राखाडी झाला, आणि गेल्या वर्षी घाईत जे सोडलं होतं त्यातलं निम्मं यंदा घाईत उरकलं. बाकी कोड तोच. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही, कारण तो लिहिणारा माणूस केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला.

तेव्हा एकाच गेमच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्या एकदम हाती आल्यावर मी काय केलं असेल? कुठलाही इंजिनियर करेल तेच. डिफ मारला. म्हणजे दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि नेमकं काय बदललंय ते ओळीओळीने बघायचं. गेले पाच वीकेंड माझा हाच उद्योग चाललाय.

गेम म्हणजे ईए स्पोर्ट्सचा 'एमव्हीपी बेसबॉल'. एक डिस्क २००४ ची, दुसरी २००५ ची. हो, वीस वर्षांपूर्वीची! मी सध्या अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात राहतो. (स्पेलिंग वाचून 'वॉर्सेस्टर' म्हणालात तर इथले लोक तुमच्याकडे दयेने बघतात.) तीन मजली लाकडी घर, खालच्या मजल्यावर घरमालक, मधल्या मजल्यावर मी. घरमालकांना इथल्या रीतीप्रमाणे मी पहिल्या नावाने हाक मारतो, पण मनातल्या मनात ते आजोबाच. त्यांचं तळघर आवरू लागताना एका खोक्यात त्यांच्या मुलाचा जुना प्लेस्टेशन २ सापडला, सोबत या दोन डिस्क. "चालत असेल तर घेऊन जा," म्हणाले. चालला. जपानी माल आहे राव.

बेसबॉल मला येत नव्हतं. आपल्याकडे 'अमेरिकन लोकांचं क्रिकेट' म्हणून सोडून देतात, तेवढीच ओळख. ज्यांना तेवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. क्रिकेटमध्ये आउट होणं ही दुर्घटना असते, बेसबॉलमध्ये तो नियम असतो. दहा वेळा बॅटिंगला येऊन तीनदा नीट मारणारा माणूस इथे फार मोठा समजला जातो. मोसमभर दहात चारचं प्रमाण टिकवणारा अमेरिकन किंवा नॅशनल लीगमधला शेवटचा माणूस म्हणजे बॉस्टनचा टेड विल्यम्स, आणि ते साल होतं १९४१. पिचरपासून बॅटरपर्यंतचं अंतर साठ फूट सहा इंच. ताशी ९५ मैलांचा चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि बॅट फिरवायची. आधी ठरवून फिरवली की फसलात, बघून फिरवली की उशीर झाला.

आणि नेमका इथेच २००५ चा गेम २००४ पेक्षा सरस ठरतो.

२००४ चा गेम आधीच चांगला होता. बॉलिंग, म्हणजे पिचिंग, एका मीटरवर चालतं. बटण दाबून धरलं की काटा चढतो, सोडलं की ताकद ठरते, परत येताना छोट्याशा हिरव्या पट्टीत पुन्हा दाबलं की नेम लागतो. जास्त जोर लावला की पट्टी गाठणं अवघड. साधी गोष्ट, पण यात पिचरचा सगळा पेच आला. फील्डिंगला उजव्या स्टिकने सूर मारता येतो, भिंतीवर चढून कॅच घेता येतो. या सगळ्यात खोट काढण्यासारखं फारसं नाही. पण बॅटिंग? बॅटिंग म्हणजे अंदाज. पिचर हात फिरवतो, चेंडू येतो, तो वळणार आहे की सरळ येणार आहे हे टीव्हीच्या सपाट काचेवर कळेपर्यंत तो कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेलेला असतो. पहिल्या वीकेंडला माझी बॅटिंग म्हणजे शिमग्याच्या सोंगासारखी चालली होती.

२००५ मध्ये त्यांनी एकच गोष्ट केली. चेंडू पिचरच्या हातातून सुटताना क्षणभर रंग चमकवतो. सरळ वेगवान चेंडू पांढराच राहतो, वळणाऱ्याचा रंग वेगळा, संथ फसव्याचा वेगळा. याला त्यांनी 'हिटर्स आय' असं नाव दिलं. ऐकायला पोरकट वाटतं. ट्रॅफिक सिग्नलच जणू! पण खऱ्या बॅटरला मैदानात जे दिसतं ते काचेवर दाखवायला दुसरा मार्ग नाही. चेंडूची लाल शिवण कशी फिरते यावरून चांगले बॅटर चेंडू ओळखतात. स्लायडर नावाच्या चेंडूवर त्यांना लाल ठिपका दिसतो म्हणतात. सुरतीच्या काचेवर ती शिवण दिसणं शक्य नाही, म्हणून ते ज्ञान रंग करून दिलं. मारायचं काम तरी तुम्हालाच करायचंय, वेळ तेवढाच आहे. फक्त आता चुकलात तर का चुकलात ते कळतं. मला विचाराल तर वर्षभराच्या कामातलं हे एवढंच खरं काम. बहुतेक आठ-दहा लोकांनी एका खोलीत बसून महिनाभर भांडून ठरवलं असणार, आणि कोड मात्र दोनशे ओळींचा असणार. (हा आपला माझा अंदाज हं. अशा खोल्यांत मी बसलोय.)

बाकीचं पटापट सांगतो. 'ओनर मोड' नवा आहे. त्यात तुम्ही संघाचे मालक, स्टेडियम बांधा, तिकिटांचे आणि हॉटडॉगचे भाव ठरवा. मी दिवसभर ऑफिसात एक्सेल बघतो, शनिवारी पुन्हा तेच कशाला? पाऊण तासात सोडून दिला. सरावासाठी छोटे खेळ आहेत. एकात मैदानात फिरणाऱ्या ट्रॅक्टरवर चेंडू मारायचे असतात, आणि तो इतका झकास आहे की एक अख्खा रविवार त्यात गेला. अंपायरशी हुज्जत घालता येते. आपल्या संघाचा मॅनेजर बाहेर येऊन हातवारे करतो, निर्णय बदलत नाही. हे फीचर कुणीतरी आमचं प्रोजेक्ट बघून घातलेलं दिसतं. २००४ मध्ये मॉन्ट्रियलचा एक्स्पोज नावाचा संघ आहे, २००५ मध्ये तोच वॉशिंग्टनला जाऊन नॅशनल्स झालाय, कारण खराही तसाच गेला.

आणि एक गंमत. सॅन फ्रान्सिस्कोचा बॅरी बॉन्ड्स हा त्या काळातला सगळ्यात भयंकर बॅटर, पण तो खेळाडूंच्या सामाईक परवाना करारात नव्हता. त्यामुळे २००५ मध्ये त्याच्या जागी जॉन डाउड नावाचा एक माणूस उभा आहे. कधीही न जन्मलेला, आणि मारतो मात्र बॉन्ड्ससारखा. कॉमेंट्री कोण करतंय? डुएन काइपर आणि माइक क्रुको, म्हणजे प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्कोचेच कॉमेंटेटर. रोज ज्याला डोळ्यांनी बघतात त्याचं नावही घ्यायची सोय नाही!

पुढच्या वर्षीचा गेम आला असता तर? आलाच नाही. जानेवारी २००५ मध्ये टेक-टू या स्पर्धक कंपनीने मेजर लीगशी करार केला. २००६ च्या मोसमापासून परवाना फक्त त्यांना, अपवाद सोनीसारख्या स्वतः कन्सोल बनवणाऱ्यांचा. ईएला तक्रार करायला तोंड नव्हतं, कारण महिनाभर आधी, डिसेंबर २००४ मध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या परवान्यात त्यांनी नेमकं हेच केलं होतं. एमव्हीपी २००५ दुकानांत आला फेब्रुवारीत. म्हणजे जन्माआधीच मृत्यूचा दाखला तयार. ईएने नंतर दोन वर्षं कॉलेज बेसबॉलवर गेम काढून बघितले, मग थांबले. टेक-टूची मालिका २०१३ पर्यंत चालली आणि संपली. सोनीचा 'द शो' मात्र २००६ ला सुरू झाला आणि टिकला. २००५ ची पीसीवरची आवृत्ती हौशी लोकांनी नवे खेळाडू, नवे गणवेश घालून पुढे कितीतरी वर्षं जिवंत ठेवली. पुढचं व्हर्जन नाही म्हटल्यावर लोक आहे त्याचीच डागडुजी करतात. आमच्या प्रॉडक्टच्या बाबतीत असं कुणी करेल का? प्रामाणिक उत्तर मी इथे देणार नाही, कारण टीममधले दोघं हे वाचतात.

तर माझा डिफ इथपर्यंत झाला होता आणि निकालही ठरला होता. २००५ जिंकला, २००४ खोक्यात परत. मग आजोबा वर आले.

आधी ते जिन्यात थांबून फक्त "स्कोर काय?" विचारायचे. तिसऱ्या शनिवारी खुर्ची ओढून बसले. स्वतः कंट्रोलर हातात घेत नाहीत, "माझे अंगठे त्या पिढीचे नाहीत" म्हणतात. दोन्ही डिस्कच्या डब्या त्यांनी उचलल्या, डोळ्यांजवळ नेल्या आणि हसायला लागले. २००४ च्या डबीवर सेंट लुइसचा अल्बर्ट पुजोल्स, २००५ च्या डबीवर बॉस्टनचा मॅनी रामिरेझ. "या दोन डब्यांच्या मध्ये काय झालं माहितीय तुला? याने याला हरवलं."

मला ते जुजबी माहीत होतं. बॉस्टन रेड सॉक्सने १९१८ ला अजिंक्यपद जिंकलं, पुढच्याच वर्षी बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजना विकलं, आणि मग ८६ वर्षं काही नाही. २००४ च्या ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइसला ४-० हरवून ते संपलं. मालिकेचा मानकरी मॅनी. म्हणून तो डबीवर.

"रॉबर्ट्सला आण," आजोबा म्हणाले.

"कोण रॉबर्ट्स?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं माझ्या वडिलांनी 'कोण कपिल?' विचारणाऱ्या माणसाकडे बघितलं असतं. मग सांगितलं. १७ ऑक्टोबर २००४, फेनवे पार्क. वर्ल्ड सिरीजच्या आधीची फेरी, यांकीजशी. बॉस्टन ०-३ मागे, एक हरले की घरी. चौथ्या मॅचची नववी इनिंग, ४-३ ने मागे, समोर मारियानो रिव्हेरा, म्हणजे शेवट करणाऱ्यांतला सगळ्यात मोठा. केव्हिन मिलार चेंडू सोडून सोडून पहिल्या बेसवर गेला. त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्सला पाठवलं. अख्ख्या स्टेडियमला माहीत होतं तो दुसरा बेस चोरणार. रिव्हेरालाही माहीत होतं. त्याने तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकून त्याला मागे पळवलं. मग बॅटरला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. हात बेसला लागला आणि टॅग, मध्ये बोटभर अंतर. सेफ. पुढे बिल म्यूलरने मारलं, रॉबर्ट्स घरी, बरोबरी. बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझचा होमरन, तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. तिथून बॉस्टन चारही मॅच जिंकलं. ०-३ वरून मालिका जिंकणं मेजर लीगमध्ये तोवर कुणालाच जमलं नव्हतं.

"बाबा हॉस्पिटलमध्ये होते," आजोबा म्हणाले. "टीव्हीचा आवाज रात्री चालत नव्हता, म्हणून मी छोटा रेडिओ नेला होता. एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. त्यांचा जन्म १९१९ चा. एका वर्षाने हुकलं होतं." थांबून म्हणाले, "शेवटचं सगळं त्यांनी ऐकलं. नोव्हेंबरात गेले."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी डिस्क घातली.

२००५ ची आधी घातली, कारण जिंकलेला संघ तिच्यात असणार असं आपल्याला वाटतं. बॉस्टनची यादी उघडली. रॉबर्ट्स नाही. तो सॅन डिएगोला. डिसेंबर २००४ मध्येच बॉस्टनने त्याला देऊन टाकलं होतं. पेड्रो मार्टिनेझही नाही, तो न्यूयॉर्क मेट्सकडे गेलेला. मग २००४ ची घातली. तिच्यात पेड्रो आहे, लाडका शॉर्टस्टॉप नोमार गार्सियापारा आहे, पण रॉबर्ट्स? लॉस एंजेलिसला. तो बॉस्टनला आला ३१ जुलैला. त्याच दिवशी नोमारला शिकागोला पाठवलं आणि मॉन्ट्रियलचा ऑर्लांडो कब्रेरा आणला. कब्रेरा एका डिस्कमध्ये मॉन्ट्रियलचा, दुसरीत एंजल्सचा. त्याचंही तेच.

म्हणजे बघा. एक डिस्क मोसमाच्या आधीची, दुसरी मोसमानंतरची. दोन्ही आपापल्या तारखेला शंभर टक्के अचूक. आणि ८६ वर्षांत एकदाच घडलेली गोष्ट ज्या चोरीवर उभी राहिली, ती करणारा माणूस दोन्हींत बॉस्टनच्या कपड्यांत नाही. आजोबांना डिफ म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज पडली नाही. दोन्ही डब्या मांडीवर ठेवून ते म्हणाले, "मधलंच नाही होय."

रॉबर्ट्स बॉस्टनला पुरते पाच महिनेही नव्हता. वर्ल्ड सिरीजमध्ये तर तो खेळलाच नाही. पुढे २०१६ च्या मोसमापासून तो लॉस एंजेलिसचा मॅनेजर झाला आणि त्याच्या हाताखाली त्यांनी २०२० आणि २०२४ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. पण आजोबांच्या लेखी तो अजून पहिल्या बेसवरच उभा आहे.

मी म्हटलं, आणू या की त्याला. गेममध्ये खेळाडूंची अदलाबदल करता येते. २००५ मध्ये लगेच करतो, बॅटिंगही तिच्यात बरी आहे. आजोबांनी मान हलवली. "जुनीच लाव. आणि आत्ता नाही आणायचा, जुलैच्या शेवटी आणायचा."

त्यामुळे गेले दोन वीकेंड आम्ही २००४ च्या डिस्कवर, रंग न चमकणाऱ्या चेंडूंसमोर, मोसम खेळतोय. सगळ्या १६२ मॅच खेळत नाही, नाहीतर माझा व्हिसा संपेल. बऱ्याचशा कॉम्प्युटरला खेळायला लावतो, यांकीजच्या मात्र स्वतः. आजोबा हळूहळू मला शिकवतायत की रंग नसताना पिचरचा खांदा बघायचा असतो. काचेवरच्या बाहुल्याचा खांदा काही सांगत नाही असं माझं मत आहे, पण माझी बॅटिंग सुधारलीय हे मान्य करावं लागेल.

३१ जुलैला सौदा करायला बसलो. प्रत्यक्षात बॉस्टनने रॉबर्ट्ससाठी हेन्री स्टॅन्ली नावाचा मायनर लीगमधला एक खेळाडू दिला होता, बस्स. गेममधलं लॉस एंजेलिस तसल्या भावात ऐकेना. चार प्रस्ताव फेटाळले. पाचव्यात एक धडधाकट पिचर वर घातला तेव्हा कुठे मानलं. आजोबा म्हणाले, "महाग पडला." मग जरा वेळाने, "असू दे."

नोमारला शिकागोला पाठवायचं का, हाही प्रश्न होता. आजोबांनी बराच विचार केला आणि ठेवू या म्हणाले.

काल संध्याकाळी सप्टेंबरातली यांकीजची मॅच लागली. मुद्दाम जुळवलं नाही, पण नववी इनिंग आली तेव्हा आम्ही एका धावेने मागे होतो आणि त्यांनी रिव्हेराला आणलं. माझ्या पहिल्या बॅटरचा चेंडू कसाबसा दोघांच्या मधून निघाला, तो पहिल्या बेसवर. खोलीत कुणी बोललं नाही. मी त्याच्या जागी रॉबर्ट्सला पाठवला. आजोबांनी खुर्ची पुढे घेतली. रिव्हेराने एकदा पहिल्या बेसवर फेकलं, मी मागे आलो. मग त्याने बॅटरला टाकला आणि मी पळालो.

आउट. थोडाथोडका नाही, चांगला दोन पावलांनी.

आजोबा स्क्रीनकडे बघत राहिले. "तीनदा," ते म्हणाले. "तीनदा फेकू द्यायचं त्याला, मग पळायचं. तू एकदाच थांबलास."

"कॉम्प्युटर आहे तो. तीनदा फेकेलच असं नाही."

"गेम सेव्ह केलास?"

"अजून नाही."

"मग बंद करून परत लाव."